कारण न विचारता रजा

६ जानेवारी

आज आपली कंपनी आंतरराष्ट्रीय झाली. एवढं एक वाक्य लिहायलाच ही वही उघडली आहे. उद्या कोणी माझं चरित्र लिहायला बसलं, तर बिचाऱ्याची पंचाईत होऊ नये.

आम्ही कारखान्यांसाठी वजनकाटे बनवतो. दुकानातले तराजू नव्हेत. पट्ट्यावरून पुडे धावत असतात आणि आमचा काटा धावत्या पुड्याचं वजन करून हलका असेल त्याला बाहेर ढकलतो. परदेशातल्या एका बिस्किट कारखान्याने असे डझनभर काटे घेतले. अट एकच, की देखभालीला तिथलाच माणूस नेमा. नेमला. म्हणजे नेमली. इंजिनिअर बाई आहेत, चुणचुणीत आहेत आणि त्यांचा पगार ऐकून मला पाणी प्यावं लागलं. आपली भाषा बोलणारा एक सल्लागार तिकडे बस्तान बसवून आहे, त्याने त्यांना शोधून दिलं. तो तासावर पैसे घेतो, म्हणून मी त्याच्याशी भरभर बोलतो.

सगळ्यांना चहा पाजला, छोटंसं भाषण केलं. भाषण संपतंय तोच मेहुणे पुढे आले. मेहुणे म्हणजे हिचे थोरले भाऊ. काटे जुळवायचं, म्हणजे प्रत्येक काटा ग्रॅमभरही खोटं बोलणार नाही इतका सरळ करायचं काम त्यांच्याकडे आहे. घरी मी त्यांचा जावईबापू, कारखान्यात साहेब. म्हणाले, "साहेब, जरा रजेबद्दल बोलायचं होतं." मी म्हटलं, आजच्या दिवशी तरी नको.

९ जानेवारी

माझ्या कारखान्यात रजेला बंदी नाही, हे चरित्रकाराने नीट नोंदवावं. पद्धत साधी आहे. केबिनमध्ये यायचं, उभं राहायचं, कारण सांगायचं. मी दोन-तीन प्रश्न विचारतो. तिसऱ्या प्रश्नापर्यंत बहुतेकांना आपलं आपल्यालाच कळतं की रजेची काही गरज नव्हती. परवा वेल्डर आला, घराला रंग द्यायचाय म्हणाला. रंग तू देणार की रंगारी? रंगारी. मग तू तिथे उभा राहून काय करणार? गेला निमूट कामाला. वर्षभर एकही रजा न घेणाऱ्याला मी 'निष्ठा चषक' देतो. मेहुण्यांकडे इतके चषक झालेत की वहिनी एकात कपड्यांचे चिमटे ठेवतात. मला ते दिसलं आहे.

आज मेहुणे आत आले. त्यांचे वडील, म्हणजे माझे सासरे, गावी एकटे असतात. सांभाळायला एक बाई आहे. त्यांचं विसरणं वाढत चाललंय. जायला एक दिवस, यायला एक दिवस, त्यामुळे रविवारी जाऊन येणं होत नाही. मेहुणे म्हणाले, "अप्पा अजून मला ओळखतात, साहेब. किती दिवस ओळखतील ते डॉक्टरांना सांगता येत नाही. ओळखतात तोवर महिनाभर त्यांच्याजवळ जाऊन राहावं म्हणतो."

मी विचारलं, "तुम्ही जाऊन राहिलात तर त्यांची आठवण परत येणार आहे का?"

"नाही."

"मग?"

ते "बरं" म्हणाले आणि गेले. तिसऱ्या प्रश्नाची वेळच आली नाही. शिवाय सासऱ्यांना लग्नापासून माझं नाव कधी धड घेता आलेलं नाही, तेव्हा कोणी त्याला आजार म्हटलं नव्हतं.

१० जानेवारी

ही कालपासून माझ्याशी बोलत नाही. वाढते, पण भांडं जरा जोरात ठेवते.

२ फेब्रुवारी

बाईंच्या नेमणुकीचा करार आला. त्यात रजा चार आठवडे, भरपगारी. वर सार्वजनिक सुट्ट्या वेगळ्या. मला वाटलं टायपिंगची चूक असेल. सल्लागाराला फोन लावला.

"अहो, हे चार दिवस असेल ना?"

"चार आठवडे. किमान. तिथला कायदा आहे, तुम्ही वाढवून दिली तर हरकत नाही."

मी विचारलं, कारण काय काय चालतं? तो म्हणाला, कसलं कारण? म्हटलं, रजेचं. म्हणाला, कारण विचारायचंच नाही. वर्षाची रजा ही विश्रांतीसाठी असते, ती कशी घ्यायची ते तिचं ती बघेल.

आता मी काही काल धंद्यात आलेलो नाही. म्हटलं, करारात एक कलम घाला, की कर्मचारी स्वखुशीने रजेवरचा हक्क सोडत आहे. तो हसला, त्या हसण्याचेही पैसे लागले असणार. म्हणाला, ते कलम लागू होणार नाही. म्हटलं, तिने हसत हसत सही केली तरी? म्हणाला, नाचत नाचत केली तरी. बरं, मग रजेऐवजी पैसे देतो. तेही चालत नाही, नोकरी चालू आहे तोवर रजा ही रजा म्हणूनच द्यावी लागते. म्हणजे मी द्यायला तयार, ती घ्यायला तयार, आणि तिसराच कोणी मध्ये येऊन नाही म्हणतो. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, तिने रजा घेतली नाही तर 'घ्या बाई' म्हणून मी तिच्या मागे लागायचं. लेखी. लागलो नाही, तर ती रजा बुडत नाही, साचत जाते.

मी म्हटलं, या देशात कामं होतात तरी कधी? तो म्हणाला, "होतात. तुमचे काटे त्यांनीच विकत घेतले ना?" तासावर पैसे घेणाऱ्या माणसाने टोमणे तरी फुकट मारावेत.

११ मार्च

आमचा सगळा पत्रव्यवहार हीच सांभाळते. पगार घेत नाही, घरचंच आहे. आज बाईंना स्मरणपत्र पाठवायचं होतं. सल्लागाराने मजकूर दिला होता, हिने टाइप केला. 'आपली वार्षिक रजा शिल्लक आहे. ती आपण वेळेत घ्यावी अशी कंपनीची इच्छा आहे. विश्रांती हा आपला हक्क आहे.' खाली माझी सही. पेन दोनदा खाली ठेवून मग केली.

हिने कागद बाहेर काढला, एकदा वाचला आणि विचारलं, "अहो, आणखी एक प्रत काढू का? दादासाठी?"

मी म्हटलं, शाई महाग आहे.

२९ एप्रिल

ही अप्पांना भेटून आली. महिन्यातून एकदा जाते. हिला रजा लागत नाही, कारण ही नोकरीतच नाही. हाही एक फायदा. म्हणाली, सकाळभर अप्पांनी तिला स्वतःची बहीणच समजून बोलत ठेवलं, दुपारी ओळखलं. मग दर थोड्या वेळाने विचारत होते, थोरला कधी येतोय?

"मी काय सांगणार होते? म्हटलं, कामात आहे."

बरोबर सांगितलं. आहेच कामात.

१४ मे

बाईंनी कळवलं की जून महिन्यात दोन आठवडे त्या रजेवर जातील. कळवलं. विचारलं नाही. कारण अर्थातच नाही. मी अगदी गोडीने लिहिलं, की घरी सगळं ठीक आहे ना? उत्तर आलं, हो, सगळं छान आहे. आता घरी सगळं छान असताना माणूस रजा घेतो तरी कशासाठी? तीन वेळा वाचलं ते पत्र. खोट कुठे सापडेना.

मेहुण्यांनी परत विषय काढला. म्हटलं, बाई रजेवर चालल्यात, आता तुम्हीही गेलात तर कसं व्हायचं? त्यांना पटलं असावं, परत कामाला लागले.

१९ जून

बिस्किटवाल्यांचा फोन. दोन काटे बिघडलेत, चांगले भरलेले पुडेही बाहेर फेकतायत. बाईंना फोन केला, बंद. परत केला, बंद. ईमेल टाकली, तर क्षणात उत्तर, मी खूश झालो. उघडून बघतो तर काय, 'मी रजेवर आहे, अमुक तारखेला भेटू.' यंत्राने पाठवलेलं. म्हणजे बाई नाहीत ते नाहीतच, त्यांचं यंत्र मात्र ड्यूटीवर हजर.

शेवटी मेहुण्यांना व्हिडिओवर बसवलं. त्यांनी इथून बघून तिथल्या मुकादमाकडून स्क्रू फिरवून घेतले आणि काटे जाग्यावर आणले. त्यांचं जेवण राहिलं. रात्री मी हिला म्हटलं, तुझ्या भावासारखा माणूस नाही. ही म्हणाली, "ते मला माहीत आहे. तुम्ही त्याला सांगा."

२ जुलै

बाई परत आल्या आणि म्हणाल्या, रजेतले चार दिवस ताप होता, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तर ते चार दिवस रजेत धरायचे नाहीत, परत जमा करायचे. मी सल्लागाराला म्हटलं, ही बाई रजेवर जाते आणि जास्त रजा घेऊन परत येते, हे कुठलं गणित? म्हणाला, आजारपण म्हणजे विश्रांती नव्हे. म्हटलं, पडूनच होती ना?

फोन ठेवला. त्याचं मीटर चालू होतं.

१५ जुलै

बिस्किटवाले हटून बसलेत. बाईंची पुढची रजा ऑगस्टमध्ये आहे, त्या काळात जाणता माणूस तिथे प्रत्यक्ष पाहिजे. माझ्याकडे जाणता माणूस एकच. सल्लागार म्हणाला, परवाना लवकर हवा असेल तर बदली दाखवा. हाच कर्मचारी, हीच कंपनी, सलग सेवा, वर्षभरासाठी तिथल्या नेमणुकीवर. नुसता दौऱ्यावर पाठवलात तर रोजचा भत्ता द्यावा लागेल, बदलीत लागत नाही. भत्ता लागत नाही म्हटल्यावर मी पुढचं फारसं ऐकलं नाही. हिने गेल्या आठवड्यातच कागद भरले, परवाना आज आला. मेहुण्यांची नोकरीला लागल्याची तारीख हिला तोंडपाठ होती. लग्नाची तारीख विचारली तर दोघांनाही आठवायला वेळ लागतो.

मेहुण्यांना बोलावून सांगितलं. रजा रजा करत होतात, घ्या, विमानात बसवतोय. आता कोणी म्हणू नये की मी माणसांचं काही करत नाही.

ते म्हणाले, "जाण्याआधी अप्पांना भेटून येऊ का? तीन दिवसांत परत येतो."

तिकीट स्वस्तातलं, बदलता न येणारं, शुक्रवारचं. वेळच नव्हता. मी म्हटलं, परत आल्यावर निवांत जा. ते म्हणाले, "परत आल्यावर ते मला..." आणि थांबले. अर्धवट वाक्याला मी काय उत्तर देणार?

१८ जुलै

मेहुणे गेले. विमानतळावर ही रडली.

३० ऑगस्ट

मेहुण्यांनी तिथे बस्तान बसवलं. काटे गप्प, बिस्किटवाले खूश. बाई रजेवरून आल्या, दोघं मिळून काम करतात. आज मेहुण्यांचा फोन: "साहेब, त्या बाई विचारतायत, मी रजा कधी घेणार. काय सांगू?"

म्हटलं, सांगा, आमच्यात नसते.

"सांगितलं. त्या म्हणाल्या, असं कसं? मग बराच वेळ मला काहीतरी समजावत होत्या. मला सगळं कळलं नाही."

न कळलेलंच बरं. अशा बायकांपासून चार हात लांब राहा म्हटलं. हल्ली हिची आणि त्या बाईंची मात्र बरीच पत्रापत्री चाललेली दिसते. विचारलं तर म्हणते, ऑफिसचं आहे. बायकांचं काहीतरी असेल, रेसिपी वगैरे.

१२ ऑक्टोबर

ही गावाहून आली ती थेट आत जाऊन बसली. अप्पांजवळ असताना हिने मेहुण्यांना फोन लावून दिला होता. अप्पांनी विचारलं, कोण बोलतंय? मेहुण्यांनी सांगितलं. अप्पा म्हणाले, नाही, माझा थोरला इथे नसतो, तुम्ही नंतर फोन करा. आणि हिच्या हातात फोन परत दिला.

मी म्हटलं, परदेशातून आवाज नीट येत नाही. ही म्हणाली, "स्वच्छ येत होता."

मेहुण्यांनी मला फोन केला नाही. कामाचा अहवाल मात्र आला, अगदी व्यवस्थित. त्यावरून मी समजलो की ते सावरलेत.

६ नोव्हेंबर

आता मात्र हद्द झाली. बाई परत रजेवर. उरलेल्या आठवड्याची. मी एक साधा प्रश्न विचारायला फोन करतोय, तर उचलत नाहीत. मी मालक आहे की कोण आहे? तिथे कामगार खातं म्हणून काही असतं म्हणे. मी ठरवलं, त्यांच्याकडेच तक्रार करायची. पगार घेणारी व्यक्ती मालकाचा फोन उचलत नाही, याला काही कायदा असेलच ना?

हिला मजकूर सांगितला. मला वाटलं ही अडवेल, नेहमी अडवते. तर ही म्हणाली, "करा. आणि अहो, दादाचंही उदाहरण द्या ना त्यात. इतकी वर्षं एक रजा नाही, कधी कुरकुर नाही. म्हणजे त्यांना कळेल माणसं कशी असावीत."

मुद्दा पटला. घातलं. पाठवण्याआधी हिने दोनदा विचारलं, नक्की पाठवू ना? म्हटलं, पाठव. इतक्या तत्परतेने हिने माझं एकही पत्र आजवर पाठवलेलं नाही. शेवटी बायको कोणाची आहे.

७ नोव्हेंबर

सल्लागाराला अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, "तक्रार? तुम्ही? मालकाने?" नंतर कितीतरी वेळ गप्प बसला. त्या गप्प बसण्याचंही बिल येईल.

२० नोव्हेंबर

कामगार खात्याचा अधिकारी व्हिडिओवर आला. तरुण, हसरा, समोर पाण्याची बाटली. आधी बाईंचं. म्हणाला, रजेवर असताना फोन न उचलणं हे अगदी योग्य आहे, आणि तुम्ही किती वेळा केलात तेवढं सांगाल का? मी विषय बदलला. म्हटलं, ते सोडा, माझा दुसरा माणूस बघा.

त्याने पाण्याची बाटली बाजूला ठेवली. म्हणाला, हो, त्यांच्याविषयीच ऐकायचं आहे.

मग काय, मी सुटलोच. म्हटलं, एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. सलग. एक दिवस खाडा नाही. अधिकाऱ्याने विचारलं, रजा मागितली तर? म्हटलं, अहो, मागतो, पण मी समजावतो, तो समजतो. स्वतःच्या लग्नात दोन दिवस घेतले होते तेवढेच, तेही रविवार धरून. निष्ठा चषकाचं सांगितलं. चषक कसा दिसतो तेही हातांनी दाखवलं. तो भराभर लिहून घेत होता. माझं बोलणं इतकं मन लावून आजवर कोणी ऐकलेलं नाही. ही शेजारीच बसली होती, मी अडखळलो की वर्षं आठवून देत होती.

संपल्यावर त्याने माझे आभार मानले. म्हणाला, इतकी स्वच्छ माहिती मालक स्वतःहून कधी देत नाहीत. मी म्हटलं, आमच्याकडे लपवाछपवी नाही.

२७ नोव्हेंबर

निर्णय आला. सल्लागाराने वाचून दाखवला, सावकाश. आज त्याला घाई नव्हती.

तिथल्या कायद्यात म्हणे, एकाच मालकाकडे सलग पंधरा वर्षं काढली, की नेहमीच्या रजेशिवाय तीन महिने दीर्घ सेवेची रजा. भरपगारी. सेवा इथली असो की तिथली, सलग आहे असं मालकाने स्वतः लिहून दिलं असेल तर सगळी धरतात. मी लिहून दिलं होतं. वर तोंडी सांगितलंही होतं, हातवारे करून. त्यात या वर्षीची साचलेली रजा मिळवायची. ती घ्या असं मीच पत्राने कळवायचं. अधिकाऱ्याने मेहुण्यांना विचारलं, कधीपासून हवी? मेहुण्यांनी विचारलं, कारण काय सांगू? तो म्हणाला, कारण सांगायचं नसतं. मेहुणे म्हणाले, मग आजपासून.

मी फोन ठेवून बसलो. माझ्याच तोंडाने मी स्वतःला बुडवलं, असा सल्लागाराच्या बोलण्याचा सूर होता. हिला म्हटलं, पत्र टाइप करावं लागेल. ही म्हणाली, "केलंय." सहीची जागासुद्धा पेन्सिलीने खूण करून ठेवली होती. हिचं काम हल्ली फार वेगाने होतं. नवल वाटतं कधीकधी.

१ डिसेंबर

मेहुणे विमानातून उतरले आणि घरी न येता तसेच गावी गेले.

१६ डिसेंबर

बिस्किटवाल्यांना आणखी सहा काटे हवेत. जुळवणार कोण? मी विचार केला, कायदा मागणीला बंदी घालतो, विनंतीला नाही. प्रत्यक्ष जाऊन मेहुण्यांना गोडीने सांगावं की उरलेली रजा पुढे घ्या. हिला म्हटलं, तुझ्याबरोबर येतो या वेळी. हिने माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि बॅगेत माझे कपडे घातले.

१८ डिसेंबर, गावी

सकाळी पोचलो. घर लहान, दोन खोल्या, पुढे ओटा. आम्ही पोचलो तेव्हा अप्पा ओट्यावर उन्हात खुर्चीत बसले होते आणि मेहुणे त्यांच्यासमोर पाटावर बसून त्यांची नखं काढत होते. मेहुण्यांची दाढी वाढली होती. मला बघून उठू लागले, साहेब म्हणाले, मग परत बसले, कारण हातात अप्पांचं बोट होतं.

सांभाळणारी बाई आत चहा टाकत होती. तिने हळूच हिला सांगितलं ते मला ऐकू आलं. दादा आल्यापासून अप्पांनी त्यांना एकदाही ओळखलेलं नाही. रोज सकाळी दादा नाव सांगतात, अप्पा मान हलवतात आणि विसरतात. घरी आलेल्या पाहुण्यासारखं वागवतात त्यांना, पण जेवायला मात्र त्यांच्याच हातून लागतं.

मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं आधी थोडं इकडचं तिकडचं बोलावं, मग काट्यांचं काढावं. तर अप्पा माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"तुम्ही आमचे जावई," ते म्हणाले. "वजनकाटेवाले."

ही दारातच थांबली. मेहुण्यांनी वर बघितलं नाही.

मी हो म्हटलं. खरं तर मला बरं वाटलं, की निदान मला तरी ओळखलं. अप्पा पुढे वाकले, आवाज खाली आणला, समोरच्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने. म्हणाले, "हा नवीन मुलगा ठेवलाय. चांगला आहे हो. नखं काढताना कधी लागू देत नाही. पण याच्यासमोर घरचं कसं बोलायचं?"

"बोला ना," मी म्हटलं.

"माझा थोरला तुमच्याकडे असतो. त्याला जरा सोडा ना चार दिवस. मी कधी काही मागणार नव्हतो तुमच्याकडे, पण मला आता विसरायला होतंय. त्याचा चेहरा आठवतोय तोवर येऊन गेला असता तर बरं झालं असतं. तुम्ही त्याला कारण विचारता म्हणे. तर सांगा, की अप्पांनीच बोलावलंय."

काट्यांचं सगळं बोलणं घोकून आलो होतो, ते तिथेच सोडून दिलं. मला लाज वाटली. लिहून ठेवतो, चरित्रकाराला हे पान गाळायचं असेल तर गाळो.

शेवटी म्हटलं, "अप्पा, त्याची रजा मंजूर केली आहे."

"केली?" त्यांनी माझा हात धरला. "मग तो आला का नाही अजून?"

मी मेहुण्यांकडे बघितलं. त्यांनी अप्पांचा दुसरा हात माझ्या हातातून हलकेच सोडवून घेतला, आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "बोटं सरळ ठेवा, अप्पा." मग अंगठ्यापासून सुरुवात केली.